खाडा कोण भरून देणार?

(शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त बोरसी येथे भरलेल्या माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यातील भाषण)



शाळेच्या हीरक महोत्सवात एका निवृत्त क्रीडाशिक्षकाला बोलण्यास उभे करावे, हा संयोजकांचा मोठेपणा आहे. वेळापत्रकातला आमचा तास इतर विषयांच्या शिक्षकांना नेहमीच उसना लागत असे. परीक्षा जवळ आली की गणिताचे शिक्षक येऊन म्हणत, "आजचा खेळाचा तास मला द्या." मी देत असे. त्या सगळ्या उसन्या तासांची परतफेड आज एकाच वेळी होत आहे, असे मी समजतो.

मला विषय दिला होता 'खेळ आणि जीवन'. तो फार विस्तीर्ण आहे. त्यातला एकच प्रश्न मी आज घेणार आहे. घरातले मूल म्हणते, "मला खेळाडूच व्हायचे आहे." तेव्हा त्याची किंमत कोण देणार? या प्रश्नासाठी आपल्याकडे एक जुना, अचूक शब्द आहे. तो शब्द म्हणजे खाडा. कामावर गेले नाही की खाडा पडतो आणि खाडा पडला की त्या दिवसाचा रोज बुडतो. भिलाईच्या कारखान्याच्या भोवती वाढलेल्या आपल्या वस्त्यांना हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. 4 फेब्रुवारी 1959 रोजी येथील पहिली झोतभट्टी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली. त्या काळात भंडारा, नागपूर, अमरावतीकडून जी मराठी कुटुंबे या भागात आली, त्यांपैकी कित्येकांच्या घरी महिनाअखेरीस खाड्यांची मोजदाद होत असे. तुमच्यापैकी अनेकांनी ती लहानपणी ऐकली असेल.

या खाड्यापायी एका देशात एका खेळाची दोन शकले झाली, हे मात्र फारसे कोणाला ठाऊक नसते. ती गोष्ट इंग्लंडची आहे. तेथे रग्बी नावाचा अंगमेहनतीचा, धसमुसळा खेळ आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उत्तर इंग्लंडच्या यॉर्कशायर आणि लँकेशायर या परगण्यांत तो कापडगिरण्यांतले आणि कोळसाखाणींतले कामगार खेळू लागले. सामने शनिवारी होत. पण शनिवारी अर्धा दिवस काम असे. दूरगावी सामना असला की खाडा पडे. दक्षिणेकडच्या सुखवस्तू खेळाडूंना ही अडचण कधी आलीच नाही. उत्तरेच्या मंडळांनी मागणी केली, की खेळाडूचा बुडालेला रोज तरी त्याला द्यावा. 1893 साली हा प्रस्ताव मध्यवर्ती संघटनेपुढे मतदानास आला आणि 136 विरुद्ध 282 मतांनी फेटाळला गेला. खेळ हा हौशीच असला पाहिजे, पैसा आला की खेळ भ्रष्ट होतो, असे सांगण्यात आले. ज्यांचा रोज कधी बुडत नव्हता, त्यांनीच हे सांगावे, यातली गंमत आपल्या लक्षात आली असेल.

दोन वर्षांनी, 29 ऑगस्ट 1895 रोजी, हडर्सफील्ड गावच्या जॉर्ज हॉटेलात उत्तरेच्या मंडळांचे प्रतिनिधी जमले आणि त्यांनी आपली वेगळी संघटना स्थापन केली. खाड्याची भरपाई म्हणून दिवसाला सहा शिलिंग देण्याचे ठरले. त्यातूनच पुढे 'रग्बी लीग' हा स्वतंत्र खेळ उभा राहिला. पंधरा खेळाडूंचे तेरा झाले, नियम बदलले. पहिल्या काही वर्षांत या संघटनेचा एक नियम असा होता, की पैसे घेऊन खेळणाऱ्याला दुसरा नियमित कामधंदा असलाच पाहिजे. हा नियम पुढे गेला. पण त्यात खेळाडूवरचा अविश्वास जसा होता, तसे नकळत एक शहाणपणही होते. त्याकडे मी शेवटी येईन.

या खेळात 'फॉरवर्ड' म्हणून जे खेळतात, त्यांच्याबद्दल मला विशेष आस्था आहे. चेंडू घेऊन चपळाईने पळणारा, गुण मिळवणारा खेळाडू प्रेक्षकांच्या ध्यानात राहतो. फॉरवर्डचे काम निराळे. समोर प्रतिस्पर्ध्यांची भिंत उभी असते. चेंडू छातीशी धरून सरळ त्या भिंतीवर जायचे, दोघा-तिघांच्या मिठीत पडायचे, चार-दोन पावले जमीन मिळवायची, उठायचे आणि पुन्हा तेच करायचे. प्रतिपक्षाच्या हाती चेंडू गेला की आपण भिंत व्हायचे. ऐंशी मिनिटांच्या सामन्यात एखादा फॉरवर्ड तीस-चाळीस वेळा समोरच्याला अंगावर घेऊन पाडतो. ऑस्ट्रेलियाचा आर्थर बीटसन हा असाच फॉरवर्ड होता. तो तेथील आदिवासी समाजातला. 1973 साली तो ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय संघाचा कर्णधार झाला. कोणत्याही खेळात त्या देशाचे नेतृत्व करणारा तो पहिला आदिवासी खेळाडू मानला जातो. 1980 मध्ये, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी, तो आपल्या क्वीन्सलँड प्रांताचा कर्णधार म्हणून मैदानात उतरला. तोवर सिडनीच्या मंडळांकडून खेळत असल्यामुळे आपल्याच प्रांताकडून खेळण्याची त्याला मुभा नव्हती. पोट एकीकडे आणि माती दुसरीकडे, ही ओढाताण घर सोडून भिलाईला आलेल्यांना परकी वाटू नये.

आता आपल्या अंगणात येऊ. रग्बी आपल्याकडे घरोघरी पोचलेला खेळ नाही. पण भिंतीवर धडकण्याचा आपला खेळ आहे, आणि तो त्याहून कठीण आहे. कबड्डीत चढाईला गेलेला खेळाडू एकटा असतो आणि समोर सात जण असतात. तीस सेकंदांत दम न सोडता स्पर्श करून मध्यरेषा गाठायची. पकड झाली की सातांचे वजन एकट्याच्या खांद्यावर, गुडघ्यावर, घोट्यावर येते. मी शिकवताना सांगत असे, की चढाईपटूची खरी परीक्षा जाण्यात नसते. पकडीत सापडल्यावर परत येण्यात असते.

हा खेळ जगापुढे नेण्यात आपल्या मराठी माणसांचा वाटा मोठा आहे. 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने तेथे जाऊन कबड्डीचे प्रात्यक्षिक दाखवले. अमरावती ही आपल्यापैकी कित्येकांची मूळ भूमी. शंकरराव तथा बुवा साळवी यांनी या खेळासाठी आयुष्य वेचले. 1990 च्या बीजिंग आशियाई स्पर्धेत कबड्डीला पदकाचा मान मिळाला. मात्र देशातल्या कबड्डी महासंघाच्या नावात 'हौशी' या अर्थाचा इंग्रजी शब्द होता. म्हणजे इंग्लंडात 1895 साली जो वाद झाला, तो आपल्याकडे झालाच नाही. खेळाडू हौशी आहे हे आपण गृहीत धरले आणि त्याच्या खाड्याचा विचार ज्याचा त्याने करावा, असे ठरवून टाकले.

मग हा खाडा कोण भरत होते? कधी आई भरत होती, कधी थोरला भाऊ, कधी एखादा शिक्षक. कुस्तीतले उदाहरण आपण सारे जाणतो. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव 1952 साली हेलसिंकीला जाण्यास निघाले, तेव्हा पैसे अपुरे होते. गावाने वर्गणी काढली आणि कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. खाशाबा कांस्यपदक घेऊन आले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. पुढे ते पोलीस खात्यात नोकरीस लागले, 1984 मध्ये अपघातात गेले आणि अर्जुन पुरस्कार त्यांना मरणोत्तर मिळाला. शिक्षक म्हणून मला खर्डेकरांपुढे नतमस्तक व्हावेसे वाटते. पण एका देशाचे पदक एका मास्तराच्या घरावर तोलून धरलेले असावे, याची खंतही वाटते.

त्यानंतरचा टप्पा नोकरीचा. रेल्वे, बँका, तेल कंपन्या, पोलीस, सेनादल, आमच्या भिलाईसारखे सार्वजनिक कारखाने यांनी खेळाडूंना नोकऱ्या दिल्या. गावोगावच्या मुलांनी खेळावे ते या नोकरीच्या आशेने. ही व्यवस्था पुष्कळ चांगली होती. खेळ संपला तरी पगार चालू राहत असे. आज त्या जागा आटत चालल्या आहेत, हेही आपण पाहतो.

आणि मग 26 जुलै 2014 रोजी मुंबईत प्रो कबड्डी लीग सुरू झाली. त्या वर्षीच्या लिलावातली सर्वांत मोठी बोली होती 12 लाख 80 हजार रुपयांची, राकेश कुमारवर लागलेली. चारच वर्षांत, 2018 मध्ये, ती एक कोटीच्या पुढे गेली. मुंबईच्या रिशांक देवाडिगावर त्या वर्षी 1 कोटी 11 लाखांची बोली लागली. वडिलांचे छत्र लहानपणी हरपलेला, आईच्या कष्टांवर वाढलेला, स्वतः हॉटेलात काम केलेला हा मुलगा. त्याच वर्षाच्या आरंभी त्याच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने हैदराबादेत सेनादलाला हरवून राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवले होते. ते अकरा वर्षांनी परत आले होते. असे दिवस पाहायला मिळतील, असे आम्हा जुन्या खेळाडूंना स्वप्नातही वाटले नव्हते.

परंतु आज मला ज्याची कारकीर्द आपल्यापुढे ठेवायची आहे, तो सिद्धार्थ देसाई. कोल्हापूर जिल्ह्याच्या अगदी टोकाला, बेळगावच्या सीमेलगत चंदगड तालुका आहे. त्यातले हुंदळेवाडी हे त्याचे गाव. थोरला भाऊ सूरज हाही कबड्डीपटू. 2018 मध्ये यू मुंबा संघाने सिद्धार्थला 36 लाख 40 हजार रुपयांना घेतले. चेन्नईत पुणेरी पलटणविरुद्धचा त्याचा पहिलाच सामना 32-32 असा बरोबरीत सुटला आणि त्या पदार्पणातच त्याने दहाहून अधिक गुण मिळवले. त्या पर्वात चढाईचे 218 गुण त्याच्या नावावर लागले. लोक त्याला 'बाहुबली' म्हणू लागले. त्याची चढाई पाहण्यासारखी असे. पाय हुलकावणी देण्यापेक्षा तो अंगावर घेई; चौघे लटकलेले असताना मध्यरेषेकडे रेटत नेई. मी मघाशी ज्या फॉरवर्डचे वर्णन केले, तोच हा, आपल्या मातीतला.

दुसऱ्या वर्षी, 2019 च्या लिलावात, तेलुगू टायटन्सने त्याच्यासाठी 1 कोटी 45 लाख मोजले. त्या लिलावातली ती सर्वोच्च बोली होती. त्याने पुन्हा चढाईचे 217 गुण मिळवले. संघ मात्र तळाजवळच राहिला. 2020 मध्ये साथीमुळे स्पर्धाच झाली नाही. खेळाडूच्या मोजक्या वर्षांतले एक वर्ष असे हातचे गेले. हाही एक प्रकारचा खाडाच. 2021 मध्ये त्याच संघाने 1 कोटी 30 लाख देऊन त्याला राखले. डिसेंबरात बंगळुरूच्या एका हॉटेलात, प्रेक्षकांवाचून, सामने सुरू झाले. तीन सामने झाले आणि सिद्धार्थचा खांदा दुखावला. उरलेला सारा हंगाम त्याच्यावाचून गेला आणि बावीस सामन्यांत त्या संघाला एकच विजय मिळाला.

ज्या खांद्यावर चौघे लटकत, तोच खांदा गेला. पुढच्या लिलावात नाव तेच होते, संघही तोच होता. पण आकडा एक कोटीच्या कितीतरी खाली घसरला. हे कोणी दुष्टपणाने केले असे मी म्हणत नाही. बाजाराचा हिशेबच तसा असतो. बाजार खांदा पाहतो. त्या खांद्यामागचा माणूस त्याला दिसत नाही. सिद्धार्थ मात्र थांबला नाही. 2023 मध्ये हरियाणा स्टीलर्सने त्याच्यावर पुन्हा एक कोटीची बोली लावली. तो संघ अंतिम फेरीत पोचला आणि 1 मार्च 2024 रोजी हैदराबादेत पुणेरी पलटणकडून 28-25 असा अवघ्या तीन गुणांनी हरला.

हे आकडे मी आपणांस दिपवण्यासाठी सांगितले नाहीत. ते क्रमाने मांडून पाहा. छत्तीस लाख, एक कोटी पंचेचाळीस लाख, एक कोटी तीस लाख, मग घसरण, मग पुन्हा एक कोटी. सहा वर्षांचा हा आलेख आहे. पालकांच्या नजरेत त्यातला एकच आकडा भरतो, सर्वांत मोठा. क्रीडाशिक्षक म्हणून माझी नजर त्या घसरणीवर थांबते. कारण त्या घसरणीच्या वर्षी घर कसे चालले, उपचार कोणी केले, धीर कोणी दिला, हे कोणत्याही गुणतक्त्यात लिहिलेले नसते. आणि हे तर शिखर गाठलेल्याचे सांगितले. त्याच खेळात जिल्ह्यापर्यंत येऊन खांदा गमावलेल्यांचा लिलाव कधी झालाच नाही.

त्यांच्यापैकी एकाची गोष्ट मला आज सांगितलीच पाहिजे. ती माझी चूक आहे आणि आजवर मी ती कोणत्याही सभेत बोललो नाही.

पुष्कळ वर्षांपूर्वी आपल्या शाळेचा संघ जिल्ह्याच्या अंतिम सामन्यात पोचला होता. आमचा सर्वांत चांगला चढाईपटू दहावीत होता. उपांत्य सामन्यात त्याचा खांदा निखळला. तो जागेवर बसवला, पट्टी बांधली. रात्री त्याचे वडील नाईट शिफ्टला जाता जाता माझ्या घरी आले. सायकल भिंतीला टेकवून दारातच उभे राहिले आणि म्हणाले, "गुरुजी, उद्या त्याला खेळू द्यायचे का? तुम्ही म्हणाल तसे." मी म्हणालो, "एकच तर सामना आहे. मी आहे ना." ते समाधानाने गेले. त्यांना माझ्यावर विश्वास होता, आणि मला त्या चषकाचा मोह होता.

दुसऱ्या दिवशी आम्ही जिंकलो. शेवटच्या चढाईत तो पकडीतून सुटून परत आला, तेव्हा सारे मैदान उभे राहिले. त्यानंतर तो खांदा पुन्हा पुन्हा निखळू लागला. दोन वर्षांनी एका भरतीत तो धावण्यात पहिला आला आणि वैद्यकीय तपासणीत बाद झाला. तो चषक आजही मुख्याध्यापकांच्या खोलीतल्या कपाटात आहे. महोत्सवाच्या प्रदर्शनात आपण तो पाहिलाही असेल. त्याच्याखालच्या चिठ्ठीवर शाळेचे नाव आणि वर्ष आहे. त्याची किंमत ज्याने दिली, त्याचे नाव तेथे नाही.

तो विद्यार्थी आज आपल्यातच बसलेला आहे. त्याचे नाव मी घेणार नाही. मोटारींचे वाइंडिंग करण्याचे त्याचे दुकान आहे, संसार चांगला चालला आहे आणि माझ्याविषयी त्याच्या मनात राग नाही, हे माझे दुर्दैव म्हणावे की भाग्य, मला कळत नाही. महिन्यापूर्वी मी त्याच्याकडे गेलो आणि विचारले, "हे मी भाषणात सांगू का?" थोडा वेळ तो हातातली तार गुंडाळत राहिला. मग म्हणाला, "सांगा सर. पण खेळू नका असं सांगू नका. माझी मुलगी खेळते."

म्हणून मी तसे सांगत नाही. कबड्डीने मला आयुष्यभर जे दिले, ते मी नाकारू शकत नाही. तीस सेकंद दम धरून सातांमध्ये एकट्याने जाणे आणि परत येणे, हे ज्या मुलीला किंवा मुलाला जमले, त्याला पुढच्या आयुष्यात सहसा कोणी घाबरवू शकत नाही. मला सांगायचे आहे ते इतकेच, की मुलांनी अवश्य खेळावे. पण त्यांचा खाडा त्यांच्या एकट्याच्या अंगावर पडू नये.

शाळेला माझी विनंती आहे. दुखापत झालेल्या मुलाला खेळवायचे की नाही, हा निर्णय क्रीडाशिक्षकाकडे ठेवू नये. चषकाचा मोह झालेल्या माणसाने तो निर्णय करू नये. तो डॉक्टरांनी करावा आणि डॉक्टर 'नाही' म्हणाले, तर मुख्याध्यापकांनीही त्यात बदल करू नये.

पालकांना माझी विनंती आहे. लिलावाचा आकडा पाहून मुलाला मैदानात ढकलू नका आणि परीक्षेचा आकडा पाहून त्याला मैदानातून ओढून काढू नका. मघाशी मी त्या इंग्रजी नियमाचा उल्लेख केला, खेळाडूला दुसरा कामधंदा असलाच पाहिजे. नियम म्हणून तो जाचक होता. पण घरातली शिकवण म्हणून तो सोन्यासारखा आहे. खेळाडूची कारकीर्द आठ-दहा वर्षांची, आयुष्य सत्तर-ऐंशी वर्षांचे. हाती एक विद्या, एक कसब असलेला खेळाडू निर्भयपणे खेळतो. कारण खांदा गेला तरी आपण जाणार नाही, हे त्याला ठाऊक असते.

आणि माजी विद्यार्थ्यांनो, तुमच्याकडे मी मागणेच मागणार आहे. या महोत्सवाच्या निमित्ताने शाळेसाठी निधी गोळा होत आहे. भिंतींना रंग लागेल, सभागृहाला पंखे लागतील. सारे हवेच आहे. त्यातला थोडा भाग खेळणाऱ्या मुलांच्या औषधोपचारासाठी वेगळा काढून ठेवा. उत्तर इंग्लंडच्या गिरणीकामगारांनी सहा शिलिंगांसाठी आपली संघटना वेगळी काढली. एका प्राचार्यांनी घर गहाण ठेवले. आपल्याला इतके मोठे काही करायचे नाही. एखाद्या मुलीचा गुडघा दुखावला, तर तिच्या वडिलांना उसने मागत फिरावे लागू नये, एवढेच करायचे आहे. माझ्या निवृत्तिवेतनातली एका महिन्याची रक्कम मी आज सकाळी कार्यालयात जमा केली आहे. ती देणगी म्हणून नोंदवू नका, असे मी लिपिकांना सांगितले. ते एका जुन्या खाड्याचे देणे आहे.

आणखी एक मागणे आहे. कपाटातल्या त्या चषकाखालची चिठ्ठी बदलावी. तिच्यावर त्या वर्षीच्या बाराही मुलांची नावे लिहावीत. मला ती सर्व पाठ आहेत. मी लिहून देईन.